‘द लॅझरस बोल’ मुद्दामच भिकार आहे हो!

रामबागकर: परवा इथे कोणीतरी लिहिलं की ‘हॉलिवूड ए.डी.’ म्हणजे एक्स फाइल्स या अमेरिकी मालिकेचा वाया गेलेला भाग, आतला तो ‘द लॅझरस बोल’ नावाचा झोंबीपट म्हणजे मालिकेचा हिरो डुकॉव्हनी याच्या हातात लेखन-दिग्दर्शन दोन्ही दिल्यावर होणारा पोरकटपणा. डोकंच फिरलं. अहो, तो सिनेमा भिकार आहे हीच तर गंमत! मूळ केस कुठली, तर बनावट शुभवर्तमान (गॉस्पेल) लिहिणारा हॉफमन आणि त्या वाडग्याची (बोल म्हणजे तोच) दंतकथा, येशूने मेलेल्या लॅझरसला उठवलं तेव्हा बाजूला चाकावर वाडगा घडत होता नि ते शब्द ओल्या मातीत रेकॉर्डसारखे उमटले. हॉलिवूड त्या केसवर सिनेमा काढतं आणि पडद्यावर काय येतं? बंदुका घेतलेले झोंबी! ती केस हाताळणारा एफबीआयवाला मल्डर (डुकॉव्हनीच तो) प्रीमियरमधून उठून जातो ते उगाच नाही.

भुताची_वाडी: मल्डर चिडला तर चिडला, मी का हसू? ठरवून वाईट काढलेलं म्हणजे नापास झाल्यावर ‘मी अभ्यासच केला नव्हता’ म्हणणं. वाईट सिनेमा बघायचा तर हिंदी भुताचे सिनेमे काढणाऱ्या रामसे बंधूंचा. १९७२ ला ‘दो गज़ ज़मीन के नीचे’साठी अख्खं खानदान महाबळेश्वरला गेलं, त्यांना खरंच घाबरवायचं होतं हो.

सुदामानगरची मावशी: रामसे म्हणालात म्हणून, ‘पुराना मंदिर’ आम्ही राजवाड्याजवळच्या एका टॉकीजमध्ये पाहिला, त्यातला सैतान सामरी आला की मागच्या रांगेतली पोरं शिट्ट्या मारायची आणि पुढच्या बाईच्या अंबाड्यात शेव. आमच्या ह्यांच्या सीटचा पत्रा वर आलेला, नवी पँट फाटली, मॅनेजर म्हणे तिकीट दाखवा.

भुताची_वाडी: मावशी, बाल्कनी होती का स्टॉल? स्टॉलमध्ये बसलात तर तक्रार नाही करायची.

सुदामानगरची मावशी: बाल्कनी! आणि स्टॉलवाल्यांनी काय फाटक्या पँटी घालून फिरायचं? आम्ही काय फुकट आलो होतो का रे?

यशवंत_रोडवाला: ओ भिया, बाल्कनीत ढेकूण जास्त. स्टॉलमध्ये निदान पंखा लागायचा.

रामबागकर: पंख्यावर आलात? अरे तो सीन तरी बघा, मागे मल्डरची जोडीदार स्कली, सिनेमात स्कली झालेल्या टी लिओनीला हाय हील्स घालून कसं पळायचं ते दाखवतेय, इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि पुढे मल्डर नि सिनेमातला मल्डर झालेला गॅरी शँडलिंग आपल्याच गप्पांत. कोणी वळून बघत नाही. हे न समजता काढलेलं वाटतं तुम्हाला?

भुताची_वाडी: बरं, तो पळण्याचा सीन दिला तुम्हाला, घ्या. पण टी लिओनी तेव्हा डुकॉव्हनीची बायको, म्हणजे घरचं कार्यच. आणि शेवटी झोंबी नाचतात ते?

रामबागकर: घरचं कार्य? आणि रामसे सात भाऊ मिळून काढायचे ते काय सहकारी सोसायटी होती?

यशवंत_रोडवाला: 😂 वाडीवाले, बोला आता.

भुताची_वाडी: ते सात जण काम करायचे, मिरवत नव्हते. झोंबींच्या नाचाचं उत्तर अजून आलं नाहीये.

सुदामानगरची मावशी: नाच बरा होता की. आणि बाल्कनीत ढेकूण नव्हते, मी स्वतः बसलेय.