गंगापूर धरणाची आवक, स्वॅट मॉडेल: कुठले पॅरामीटर ठेवायचे? मदत हवी आहे

मंडळी, एमटेकचं काम चालू आहे, नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या वरचं पाणलोट क्षेत्र, म्हणजे पार त्र्यंबकच्या डोंगरापासून, स्वॅटमध्ये (पावसावरून नदीचा प्रवाह काढणारं संगणक मॉडेल) बसवतोय. मॉडेल चालतंय, गाडी अडलीय सेन्सिटिव्हिटीवर. २० पॅरामीटर घेतलेत, त्यातले प्रवाह खरंच हलवणारे कुठले हे कळल्याशिवाय कॅलिब्रेशनला (मॉडेल मोजलेल्या प्रवाहाशी जुळवायला) हात घालायचा नाहीये, कारण सगळेच एकदम फिरवले की ग्राफ जुळतो पण भलत्याच कारणाने जुळतो, आणि असं मॉडेल दुष्काळी वर्षात दगा देणार.

सगळ्यात जास्त डोकं खातंय ते सीएन२ (कर्व्ह नंबर, पावसातलं किती पाणी वाहून जातं ते ठरवणारा आकडा). स्वॅट-कपमध्ये (स्वॅटच्या कॅलिब्रेशनचं सॉफ्टवेअर) सगळे देतात तशी उणे २० ते अधिक २० टक्के रेंज दिलीय. पण आपल्याकडे बेसाल्टवरची उथळ जमीन, खाली भातखाचरं, बऱ्याच एचआरयूंचा (सारखी माती, वापर आणि उतार असलेल्या तुकड्यांचा) कर्व्ह नंबर आधीच ८५ च्या आसपास आहे. त्यावर २० टक्के चढवले की होतात १०२, आणि वरची मर्यादा ९८! म्हणजे रेंजचा वरचा तुकडा अख्खा ९८ ला जाऊन चिकटतो. मग सेन्सिटिव्हिटीच्या यादीत सीएन२ पहिलं आलं ते कितपत खरं धरायचं? उणे १५ ते अधिक १० ठेवली तर चालेल का?

शिवाय एनएसईमध्ये (मॉडेलचा आणि मोजलेला प्रवाह किती जुळतो त्याचा आकडा) फरकाचा वर्ग होतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टचे पूरच सगळा निकाल ठरवतात आणि अल्फा_बीएफ, जीडब्ल्यू_डिले हे भूजलाचे पॅरामीटर बिनकामाचे दिसतात. लॉग घेऊन एनएसई काढला की तेच दोघं वर येतात. मला तर दिवाळीनंतर ओढे कसे आटत जातात तेच नीट पकडायचंय, शहराच्या आणि शेतीच्या पाण्याची ओढाताण तेव्हाच सुरू होते ना. अशा वेळी दोन्ही याद्या एकत्र करता का तुम्ही?

स्वॅट-कपचा टी-स्टॅट (पॅरामीटरचा प्रभाव दाखवणारा आकडा) सरळ रेषेच्या रिग्रेशनवर चालतो, पॅरामीटरचं एकमेकांत गुंतणं त्यात दिसत नाही. हे गुंतणंही मोजणाऱ्या सोबोल पद्धतीला २० पॅरामीटर आणि १००० सॅम्पल म्हणजे २२,००० रन, लॅपटॉपवर अवघडच. मॉरिस या ढोबळ चाळणीच्या पद्धतीचे १० मार्ग घेतले तर २१० रनमध्ये भागतं, म्हणून आधी मॉरिसने चाळून उरलेल्या सहा-सातांवर सोबोल लावावं म्हणतोय. यात एखादा कामाचा पॅरामीटर गळून पडतो का?

कश्यपी आणि गौतमी-गोदावरी धरणं मॉडेलमध्ये घेतलीत, पाऊस त्र्यंबकचा वेगळा आणि नाशिकचा वेगळा दिलाय. घाटमाथ्याच्या नदीवर कुणी हे केलं असेल तर सीएन२ ची रेंज काय ठेवली आणि ऑब्जेक्टिव्ह फंक्शन (जुळणी मोजायचा निकष) कुठलं घेतलं एवढं प्लीज सांगा, रेंजच्या फाइलचा फोटो टाकलात तरी चालेल.