स्किमच्या आधी कॉर्नर बीड : पोट आलंय, काढू की चालेल?

रीडिंगकर:
मंडळी, इकडे इंग्लंडात प्लास्टरर लवकर मिळेना म्हणून बेडरूमच्या खिडकीभोवती साडेबारा एमएमचे प्लास्टरबोर्ड मीच मारलेत, वरून मल्टी फिनिशचा (जिप्समचं प्लास्टर) स्किम, म्हणजे शेवटचा पातळ थर, करायचाय. कोपऱ्यांना गॅल्वनाइज्ड बीड (कोपऱ्याची धार सरळ येण्यासाठीचा कोनी पत्रा) आणून स्क्रूने पक्की केली, आता सरळ पट्टी लावून बघतोय तर मधेच पोट आलंय आणि बीडचं नाक (कोपऱ्यावरची धार) बोर्डापेक्षा जवळजवळ सेंटिमीटरभर वर. स्किमने भरून निघेल ना?

गवंड्याचा_पोर:
नाही निघणार, उपटा. (बीड म्हटलं की मला आधी जिल्हाच आठवतो, असो.) तुम्ही जाड प्लास्टरची बीड आणलीत, ती विटांच्या भिंतीला, जिथे स्किमच्या खाली बॅकिंग कोट (जाड थर) असतो तिथली. बोर्डाला थिन कोट बीड लागते, नाक २-३ एमएमच वर. अहो स्किमच मुळात दोन हात मिळून २ एमएमचा, सेंटिमीटर कुठून भरणार! आणि स्क्रू का मारलेत? डोकं वर राहतं, थापी फिरवताना खडखड लागतं आणि जास्त आवळला की पंख (बीडची बोर्डावर बसणारी बाजू) आत ओढला जाऊन नाक सरकतं, तुमचं पोट बहुतेक त्यानेच आलंय.

रीडिंगकर:
अरे देवा. मग कशाने लावू? बोर्डाची कड पण मी करवतीने कापलेली, धड सरळ नाहीये

गवंड्याचा_पोर:
नसू दे, कड काय म्हणते ते ऐकूच नका, लेव्हल म्हणेल तशी बसवा. फिनिश जरा घट्ट कालवा, कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना वीत-वीत अंतरावर गोळे लावा, बीड हलकेच दाबा, भोकांतून माल बाहेर येतो तो तिथेच पंखावर पसरून टाका. मग लेव्हल दोन्ही अंगांनी धरायची, एकाच बाजूने बघून सोडलं की दुसरीकडे हमखास गंडतं. खिडकी आहे म्हणून अजून एक, फ्रेम डावी-उजवीकडे सारखीच दिसतेय ना ते टेपने मोजा, तिथला फरक रोज डोळ्यांत खुपतो. आमचे वडील गावाकडे ओळंबा आणि लाकडी पट्टी लावून सिमेंटची धार काढायचे, बीड त्यांनी बघितलीसुद्धा नव्हती.

कोथरूडची_ताई:
स्टेपल पण चालतात, फक्त गंज न धरणारे घ्या. कापताना आधी स्निप्सने (पत्र्याच्या कात्रीने) दोन्ही पंख कापायचे आणि नाक शेवटी, नाहीतर टोक चेपतं. खाली जमिनीला टेकवू नका, थोडी वरच ठेवा. बाथरूमला पीव्हीसीची घ्या कारण पत्र्याची कापलेली टोकं ओलीत गंजतात आणि रंगातून तांबडा डाग वर येतो. आमच्या जिप्समच्या पार्टिशनला कॉन्ट्रॅक्टरने बीडच लावली नव्हती, नुसत्या जॉइंट कंपाऊंडने (सांधे भरायच्या लेपाने) कोपरा काढून दिला, पहिल्याच दिवाळीत पाहुण्यांची ट्रॉली बॅग घासली आणि आतला कागद दिसायला लागला 😑

रीडिंगकर:
उपटली सगळी. नवीन गोळ्यांवर बसवली, पहिली हातात असतानाच माल आवळला म्हणून परत काढावी लागली, दुसऱ्यांदा मुठीएवढाच कालवला तेव्हा जमलं. बोर्डांच्या सांध्यांवर जाळीची टेप मारून झालीये, स्किम शनिवारी. जाड बीडच्या चार लांब्या उरल्यात, दुकानदार कापलेल्या परत घेत नाही, रीडिंगजवळ कुणी विटांच्या भिंतीचं काम काढलं असेल तर येऊन घेऊन जा.