सागात अडकलेला बोअरर बाहेर कसा काढायचा?

सागवेडी
नमस्कार मंडळी. इथे बहुतेक वेळा फक्त वाचते, आज अगदी गळ्याशी आलंय म्हणून लिहितेय.

पीएचडीसाठी सागाच्या वर्षवलयांवर काम करते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका जुन्या लागवडीत परवानगी घेऊन नमुने काढणं चाललंय. बोअरर (खोडात फिरवत घालून लाकडाचा बारीक नमुना काढायची पोकळ नळी) ४० सेंमी लांबीचा, ५.१५ मिमीचा, दोन आट्यांचा. (सोबतच्या वनमजूर काकांना ‘इन्क्रिमेंट बोअरर’ हे नाव काही पटलेलं नाही, ते पहिल्या दिवसापासून त्याला गिरमिटच म्हणतात.) काल सतरावं झाड. घेर १७० सेंमी, बाहेरून एकदम ठणठणीत. छातीच्या उंचीवर लावला. पहिले वीसेक फेरे नेहमीसारखे, हाताला रग लावणारे. मग अचानक हलका झाला. मला वाटलं चला, गाभ्याशी पोचलो, अजून थोडा जाऊ दे. अजून सात-आठ फेरे मारले. इथेच चुकलं.

चमचा (नमुना ओढून काढायची लांब पट्टी) घालून कोअर, म्हणजे लाकडाची बारीक कांडी, काढला तर पहिले १९ सेंमी सुंदर, पुढे नुसता तपकिरी भुसा. आता बोअरर उलटा फिरवला की फिरतो, पण जागचा हलत नाही. अर्धा तास दोघांनी आलटूनपालटून फिरवला. काका म्हणाले पहारीने उचकटू. मी नको म्हटलं. अंधार पडायला लागला तेव्हा हॅंडल काढून घेतलं, बाहेर राहिलेल्या टोकावर प्लास्टिकची पिशवी बांधली आणि परत आलो.

बोअरर दुसऱ्या संस्थेकडून मागून आणलेला आहे. नवीन घ्यायचा तर माझी एका महिन्याची फेलोशिप जाईल. सरांना अजून सांगितलेलं नाही. यासाठी एखादं खास अवजार मिळतं का? की घरगुती काही उपाय आहे?

रानभैरी
खोबरेल तेल सोडा बाजूने, रात्रभर मुरू द्या. सकाळी लोण्यासारखा येईल.

निवृत्त गिरमिट
तेल अजिबात नको. पहार नको म्हणालीस ते तर फारच शहाणपणाचं झालं. आडवा जोर पडला की ही नळी आधी वाकते आणि मग आट्यांच्या मागे तुटते. तुटलेलं टोक सागात राहिलं तर ते त्याच्याच मालकीचं.

तू म्हणतो, विद्यार्थिनी आहेस म्हणून. मी पस्तीस वर्षं वलयं मोजणाऱ्यांच्या मागे बोअरर वाहिलेत. देवदार, चीड, साग, सगळीकडे अडकवलेत. स्वतःच्या हाताने अडकवलेले चार, दुसऱ्यांचे मोजले नाहीत.

आधी काय झालंय ते समजून घे, म्हणजे उपाय आपोआप सुचेल. आटे फक्त टोकाला असतात, बोटाच्या पेराएवढे. मागची नळी गुळगुळीत. तू उलटं फिरवतेस तेव्हा बोअरर बाहेर येतो तो त्या आट्यांनी लाकूड धरल्यामुळे, तुझ्या जोरामुळे नाही. आता आटे भुशात आहेत. भुसा काय धरणार? म्हणून टोक तिथल्या तिथे गरगर फिरतंय आणि मागची सगळी नळी १९ सेंमी निरोगी लाकडाने गच्च आवळलेली आहे. सागाचं लाकूड असंही अवजाराला छळतं, त्यात वाळू असते म्हण ना, सिलिका. धार बोथट असेल तर भोक ओबडधोबड पडतं आणि पकड आणखी वाढते.

आता तुझेच आकडे घेऊ. दोन आट्यांचा बोअरर एका फेऱ्यात साधारण ८ मिमी जातो. अठ्ठावीस-तीस फेरे म्हणजे २३-२४ सेंमी. चांगलं लाकूड १९ पर्यंत. म्हणजे तुला अख्खा बोअरर ओढून काढायचाच नाहीये. ओढायचे आहेत जेमतेम ५ सेंमी. तेवढं मागे आलं की आटे पुन्हा चांगल्या लाकडात शिरतील आणि पुढचं काम तेच करतील. हे ऐकलं की निम्मं टेन्शन जातं, माझा अनुभव आहे.

ओढायला खास काही लागत नाही. एक दोर लागेल. नायलॉन नको, तो रबरासारखा ताणतो. ट्रक बांधायचा पट्टा किंवा जाड सुती दोर चालेल. बोअररच्या बरोब्बर रेषेत मागे एखादं झाड आहे का बघ. लागवड आहे म्हणजे ओळीत मिळायला हवं. त्या झाडाला गोणपाट गुंडाळ, साल सोलू नको. दोराचा फास करून एक टोक झाडाभोवती, आणि दुसरीकडे दोर हॅंडलच्या दोन्ही बाजूंना, मध्यापासून सारख्या अंतरावर अडकव. ताठ बांध. आणि आता हॅंडल उलटं फिरव.

काय होईल? हॅंडलबरोबर दोन्ही दोर एकमेकांत पिळले जातील. पीळ पडला की दोर आखूड होतो. आखूड झाला की ओढतो. म्हणजे तू फिरवतेस त्याच हालचालीने बोअरर ओढलाही जातो. खाटेची दोरी काठी घालून पिळून ताठ करतात ना, तेच. फक्त काठीच्या जागी हॅंडल.

दोन गोष्टी सांभाळ. एक, हॅंडल आणि बोअरर जोडणारी कडी. सगळी ओढ तिच्यावर येते. ती अर्धवट बसली असेल तर निसटून हॅंडल थेट तोंडावर येईल. बसल्याचा आवाज ऐकल्याशिवाय पीळ देऊ नको आणि दोराच्या रेषेत कुणी उभं राहू नये, काकासुद्धा. दोन, मागचं झाड रेषेत नसेल तर तिरपं ओढायचं नाही. दोन झाडांमध्ये आडवी बल्ली बांध आणि बल्लीवर नेमकी जागा धरून दोर लाव.

आणि घाई कर. लाकूड रोज थोडं थोडं आवळतं. जेवायला जाताना बोअरर झाडात ठेवून जाणाऱ्या साहेबांवर मी उगाच ओरडत नव्हतो.

पुलर पान्हा
गिरमिटकाकांची दोराची युक्ती भारी. मी झाडातला नाही, गॅरेजवाला आहे, कोल्हापूर. पण हे वाचून हात शिवशिवले.

आमच्याकडे बेअरिंग काढायला पुलर असतो. दोन-तीन पाय, मधोमध आट्यांचा दांडा. तोच इथे उलटा वापरा. खोडावर बोअररच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे, त्यांच्यावर लोखंडी पट्टी, पट्टीच्या मधल्या भोकातून बोल्ट, आणि बोल्टच्या टोकाला बोअरर पकडायला कॉलर. नट फिरवला की बोल्ट बाहेर, बोअररही बाहेर. मागे झाड असायची गरज नाही, जोर त्याच झाडावर टेकतो. एकच करायचं, बोल्ट आणि कॉलरच्या मध्ये थ्रस्ट बेअरिंग टाकायचं, म्हणजे ओढ चालू असताना बोअरर फिरवता येईल. बेअरिंग नसेल तर कुत्र्याच्या साखळीला असते तशी फिरती कडी लावा, जाड बघून. माझ्याकडे वेल्डिंग करून मिळेल, पण चंद्रपूरहून कोल्हापूर म्हणजे...

ओरेगॉनकर
इथे रात्रीचे अकरा वाजलेत पण हा धागा सोडवेना. माझं काम विजेच्या लाकडी खांबांचं. पोरं विचारतात बाबा काय करतात, मी सांगतो खांबांना सुया टोचतात.

तुमच्या सागासारखाच प्रकार इकडे डग्लस फरच्या खांबात रोज. खांबाला औषध दाबून भरलेलं असतं, पण ते बाहेरच्या थरातच मुरतं. पुढे खांबाला भेगा पडतात, पाणी आत जातं, आणि आतला बिनऔषधाचा गाभा कुजतो. बाहेरून हातोडा मारला तर टणटण. बोअरर लावला की ७-८ सेंमी कवच, आणि मग भस्सकन पोकळीत. आटे अधांतरी. म्हणून आमच्यात पहिला नियम असा की हाताला हलकं लागलं की तिथेच थांबायचं. एकही फेरा जास्त नाही. अर्धा फेरा मागे घेऊन कोअर काढून बघायचा, मग ठरवायचं.

खांबाला मागे झाड नसतं. ट्रकला दोर बांधून ओढायचा मोह होतो, मी एकदा केला. ड्रायव्हरने क्लच सोडला, टचकन आवाज आला, आणि टोक आजही त्या खांबात आहे. त्या वेळच्या साहेबांनी मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता मी पाचरी ठेवतो. हॅंडल खांबापासून हातभर लांब असतं, त्या मोकळ्या जागेत खांबाला टेकून दोन ठोकळे, दोन्ही बाजूंना सारखे, आणि ठोकळा-हॅंडलच्या मध्ये दोन-दोन पाचरी समोरासमोरून. दोन्हीकडे हलक्या हाताने सारखं ठोकायचं. २-३ मिमी सरकलं की पाचरी सैल करून पाव फेरा उलटा. पुन्हा ठोकायचं. कंटाळवाणं आहे, पण हॅंडल वाकत नाही आणि सगळं सामान एका पिशवीत मावतं.

आणि भोक उघडं ठेवू नका असं इथे शिकवतात. खांबाच्या भोकात औषध पाजलेली लाकडी खुंटी गच्च ठोकावीच लागते. जिवंत झाडाचं काय ते गिरमिटकाका सांगतील.

निवृत्त गिरमिट
जिवंत झाडाचं वेगळं. खांब मेलेला, त्याला स्वतःला काही करता येत नाही. झाड जखमेभोवती आपणच भिंत घालतं, तेवढं लाकूड सोडून देतं आणि पुढची वलयं वरून चढवतं. खुंटी ठोकून त्याला मदत होते असं मला कधी दिसलं नाही. आम्ही पूर्वी मेण भरायचो, नंतर सोडलं. मेण भोकात नाही, आट्यांना लावायचं असतं, मधमाश्यांचं, बोअरर घालण्याआधी. सागवेडी, लावलं होतंस का?

खांबवाल्या दादांचा ‘हलकं लागलं की थांबा’ हा नियम मात्र पाटीवर लिहून ठेव.

एक हकिकत सांगतो, मग झोपतो. अमेरिकेत नेवाडात १९६४ साली ब्रिसलकोन पाइनचं एक झाड पाडलं, त्याला प्रोमिथियस म्हणत. पाडल्यावर ४८४४ वलयं मोजली. एका तरुण संशोधकाचा बोअरर त्यात अडकला, म्हणून वनखात्याच्या परवानगीने झाड कापलं, असं सगळीकडे सांगतात. प्रत्यक्षात त्या घटनेच्या हकिकती एकमेकींशी जुळत नाहीत, बोअरर अडकलाच नव्हता असंही म्हणणारे आहेत. पण आमच्या नव्या पोरांना मी बोअररवालीच सांगायचो. मेण लावायला विसरत नसत.

रानभैरी
खोबरेलाचं मागे घेतो.

सागवेडी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल लिहायला जमलं नाही, रेंज नव्हती.

मेण लावलं नव्हतं. संपलं होतं, आणि म्हटलं चार झाडांनी काय होतंय.

रेषेत झाड नव्हतं. विरळणीत नेमकं तेच तोडलेलं, बुंधा तेवढा शिल्लक. मग काकांनी दोन झाडांमध्ये बांबू बांधला. दोर त्यांच्याच बैलांचा कासरा, दुहेरी. कडी बसल्याचा आवाज ऐकला, तरी मी बाजूलाच उभी होते. पहिले पाच फेरे काहीच नाही, नुसता कासरा पिळला गेला. सहाव्याला बांबू कण्हला. काका म्हणाले, थांबा, आणि बांबूच्या मागे दोन मेखा ठोकून आले. नवव्या फेऱ्याला हाताखाली काहीतरी सुटल्यासारखं झालं, ‘कच्’ असा बारीक आवाज. मी थांबून नळीवर पेनने खूण केली. दोन फेऱ्यांनी खूण सव्वा सेंमी बाहेर. आणखी काही फेऱ्यांनंतर एकदम जड झालं आणि मी घाबरले, पण काका हसले. जड म्हणजे आट्यांनी लाकूड धरलं. कासरा सोडून टाकला, आणि पुढे नेहमीसारखं उलटं फिरवत बाहेर.

टोकाला छोटी कपची उडाली आहे, नखाएवढीसुद्धा नाही, पण धार लावावी लागेल. आणि आत भुसा ठासून बसलाय. तो कसा काढू? चमचा जात नाही. सळई घालू का?

निवृत्त गिरमिट
सळई घातलीस तर उरलेली धारही जाईल! दोन दिवस उन्हात ठेव, लाकूड सुकलं की आकसतं. मग बांबूची काडी तासून, टोकाकडून आत घालून मागे ढकल. उलट बाजूने नको. नळी टोकाशी अरुंद आणि आत रुंद असते, टोकाकडे ढकललंस तर आणखी ठासेल.

१९ सेंमीचा कोअर जपून ठेव. मधलं गेलं म्हणून फेकू नको, बाहेरची वलयं चांगली असली की दुसऱ्या झाडांशी जुळवता येतात. साग सहसा दर वर्षी एकेक वलय प्रामाणिकपणे घालतो. पुण्याच्या हवामान संस्थेतल्या मंडळींनी केरळातल्या सागांवरून १४८१ पासूनची मालिका लावली आहे, ती अशीच नमुने एकमेकांशी जुळवून.

सरांना सांगितलंस का?

सागवेडी
सांगितलं. आधी गप्प बसले. मग म्हणाले, भुसा टाकू नकोस, पुडीत बांधून आण, बुरशी कुठली ते बघू. काकांनी कासरा परत नेला, पण तीन जागी झिजलाय. उद्या बाजाराचा दिवस आहे, नवीन घेऊन देते.