ऑफिसचं ईमेल दुसऱ्या सर्व्हरवर न्यायचंय, जुने मेल न गमावता कसं करावं?

नमस्कार मंडळी. पुण्यात आमचं सीए ऑफिस आहे, चौदा जणांचं. आमच्या डोमेनचे मेल होस्टिंगवाल्याच्या सीपॅनलवर (होस्टिंग सांभाळायचं पॅनल) आहेत. जागा सारखी भरते, म्हणून गूगल वर्कस्पेस घ्यायचं ठरलंय. क्लायंटचा पत्रव्यवहार, प्राप्तिकराच्या नोटिसा, सगळं मेलमध्येच आहे, त्यामुळे एकही मेल गेलेला चालणार नाही. काहींचं आउटलुक पॉपवर (मेल पीसीवर उतरवून घेणारी पद्धत) आहे, काहींचं आयमॅपवर (मेल सर्व्हरवरच ठेवणारी). सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १
आधी पॉपवाले पीसी बघा, खरा धोका तिथे आहे. पॉपमध्ये पाठवलेले मेल फक्त त्या पीसीवरच्या पीएसटी फाइलमध्ये (आउटलुकची मेल साठवायची फाइल) असतात. 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही टिक काढलेली असेल, तर आलेलेही तिथेच. सर्व्हरवरून सर्व्हरवर कॉपी केली तर यातलं काहीच जाणार नाही. आउटलुक बंद करून प्रत्येक पीएसटी बाहेरच्या डिस्कवर घ्या, मगच बाकीचं. पीएसटी वर चढवायला गूगलचं स्वतःचं टूल आहे. आयमॅपमधून फोल्डर ओढत बसू नका, जीमेल तसं दिवसाला ५०० एमबीच घेतं.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. आयमॅपवाल्यांसाठी आयमॅपसिंक (एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर मेल कॉपी करणारं टूल) वापरा. तेच पुन्हा चालवलं तरी आधी गेलेले मेल ओळखून सोडून देतं, म्हणून एकदा आधी आणि एकदा एमएक्स (डोमेनचे मेल कोणत्या सर्व्हरवर जायचे ते सांगणारा रेकॉर्ड) बदलल्यावर चालवायचं.

एमएक्सला हात लावण्याआधी नव्या बाजूला सगळे पत्ते तयार हवेत, इन्फो आणि अकाउंट्ससारखे सामायिकसुद्धा. सर्व्हर थोडा वेळ बंद असला तर पाठवणारा सर्व्हर पुन्हापुन्हा प्रयत्न करतो, सहसा काही दिवस. पण पत्ताच नसेल तर ५५० हा एरर ('असा पत्ता नाही') देऊन मेल तिथल्या तिथे परत जातो. क्लायंटला वाटतं तुम्ही ऑफिस बंद केलं.

एक-दोन दिवस आधी एमएक्सचा टीटीएल (इतर सर्व्हर जुनी नोंद किती वेळ लक्षात ठेवतात तो काळ) ३०० सेकंदांवर आणा आणि बदल शुक्रवारी संध्याकाळी करा. एसपीएफमध्ये (तुमच्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याचा रेकॉर्ड) गूगल घाला, पण रेकॉर्ड एकच ठेवा. दोन झाले की तपासणीच फसते. डीकेआयएमही (मेलवरची डिजिटल सही) चालू करा.

प्रश्नकर्ता
खूप आभार! एमएक्स बदलल्यावर जुन्या सर्व्हरवर मेल येणं लगेच थांबतं ना?

प्रतिसाद २
नाही, एक-दोन दिवस चुकार मेल येत राहतात. शिवाय सीपॅनलमध्ये 'ईमेल रूटिंग' (मेल याच सर्व्हरवर ठेवायचे की बाहेर पाठवायचे ते ठरवणारं सेटिंग) असतं, ते 'रिमोट' करा. लोकल राहिलं तर तुमच्याच वेबसाइटच्या चौकशी फॉर्मचे मेल गुपचूप जुन्या पेटीत पडत राहतात आणि महिनाभर कुणाच्या लक्षातही येत नाही. ऑफिसला खरा फटका इथे बसतो, म्हणून एवढं सांगतोय. जुनं होस्टिंग किमान महिनाभर चालू ठेवा.

प्रतिसाद १
आणि आयमॅपने कॅलेंडर, कॉन्टॅक्ट येत नाहीत. ते वेगळे एक्स्पोर्ट करून घ्या.