पॉवर फॅक्टर गणिताशिवाय समजतो का?

होटगी रोडकर
सोलापूरच्या यंत्रमाग कारखान्यांत वायरमनचे काम शिकणाऱ्या मुलांना पॉवर फॅक्टर, म्हणजे कामाच्या विजेचे एकूण भाराशी गुणोत्तर, समजावताना ताकाच्या पेल्याचे उदाहरण दिले जाते : ताक म्हणजे कामाची वीज, फेस म्हणजे बिनकामाची आणि पेला भरतो तो दोन्ही मिळून. मुलांना विषय समजल्याचे समाधान मिळते, पण ते फसवे आहे. मोटारी १० किलोवॅट सक्रिय (कामाची) आणि १० किलोव्हार प्रतिघाती (बिनकामाची) शक्ती घेत असतील, तर पेल्याच्या हिशेबाने भार २० भरायला हवा. प्रत्यक्षात तो सुमारे १४.१ केव्हीए (एकूण भाराचे एकक) असतो, कारण या राशींची सरळ बेरीज होत नाही, त्या काटकोनात मिळवाव्या लागतात. पायथागोरस टाळणाऱ्याला पॉवर फॅक्टर समजला, असे मी म्हणणार नाही.

साखर पेठकर
असहमत. उदाहरण चुकीचे आहे, म्हणून गणित अनिवार्य ठरत नाही. चुंबकीय क्षेत्र उभे करताना मोटार ऊर्जा घेते आणि ते ओसरताना परत देते; मोटारीला जोडलेला कपॅसिटर (वीज साठवून परत देणारे उपकरण) मात्र मोटार परत देत असते तेव्हा घेतो आणि ती मागते तेव्हा देतो, त्यामुळे ही देवघेव कारखान्यातच उरकते आणि बाहेरून येणारा प्रवाह कमी होतो. यात एकही सूत्र नाही, तरी कारण पूर्ण आले आहे. उलट, सूत्र तोंडपाठ असूनही कपॅसिटर मोटारीजवळच का लावावा हे सांगू न शकणारे पदविकाधारक मी पाहिले आहेत. इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांचे गणिताचे शिक्षण जेमतेम होते, तरी १८३१ मध्ये त्यांनी विद्युतचुंबकीय प्रवर्तन (बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वीज निर्माण होणे) शोधून दाखवलेच.

होटगी रोडकर
फॅरेडे यांचेच पुढचे पाहा. प्रकाशाचा संबंध विद्युत व चुंबकीय क्षेत्रांच्या बलरेषांच्या कंपनांशी असावा, हा तर्क त्यांनी १८४६ मध्ये मांडला होता. पण त्या लहरींचा वेग समीकरणांतून काढून तो प्रकाशाच्या वेगाशी जुळतो हे दाखवले ते गणिती भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी. तुमच्या देवघेवीचेही तसेच आहे. १० किलोवॅटच्या भाराचा पॉवर फॅक्टर ०.७ वरून ०.९५ वर न्यायला सुमारे ६.९ किलोव्हारचा कपॅसिटर लागतो, हे त्या वर्णनातून निघत नाही. अंदाजाने मोठा बसवला आणि निम्मे माग बंद असताना तो चालू राहिला, तर पॉवर फॅक्टर उलट्या बाजूला, म्हणजे अग्रगामी (प्रवाह व्होल्टेजच्या पुढे) होतो.

जुळे सोलापूर
किती लावायचा, यासाठी तयार तक्ते असतात. वायरमन ते वाचतो आणि काम नीट होते.

होटगी रोडकर
तक्ता वाचणे म्हणजे समजणे, असे कोणी म्हणाले का?

साखर पेठकर
नाही, पण मॅक्सवेल यांची साक्ष अर्धीच सांगू नये. विजेवरचे गणित वाचण्यापूर्वी फॅरेडे पूर्ण वाचायचे असे आपण ठरवले होते, हे त्यांनी १८७३ च्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. तोच क्रम आयटीआयच्या वर्गात का नसावा? ऑसिलोस्कोपवर (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणावर) प्रवाहाची लहर व्होल्टेजच्या मागे पडलेली आधी दाखवावी, त्रिकोणमिती नंतर शिकवावी.

होटगी रोडकर
क्रमाबद्दल माझा वाद नाही. परीक्षा जवळ आली की ते ‘नंतर’ गाळले जाते, याला माझा आक्षेप आहे.