ठाकूरद्वारला पागडीची खोली घेतोय, पण पावती वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे

बदलापूरची_परिचारिका:
नमस्कार. मी परळच्या एका रुग्णालयात नर्स आहे, राहायला बदलापूरला. दुपारपाळी रात्री नऊला सुटते, घरी पोचेपर्यंत अकरा वाजून जातात. मुलगी दुसरीत आहे. आठवड्यातले चार दिवस ती मला झोपलेलीच दिसते.

दक्षिण मुंबईत विकतचं घर आम्हाला या जन्मात जमणार नाही आणि अकरा महिन्यांच्या करारावर दरवर्षी बिऱ्हाड हलवायचं नाही. म्हणून पागडीची, म्हणजे एकदाच मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्यानं कायम राहता येईल अशी खोली शोधतोय. ठाकूरद्वारजवळ एक पसंत पडली आहे. दुसरा माळा, १७० चौरस फूट, मोरी आत, संडास गॅलरीच्या टोकाला. भाडं महिना १८६ रुपये. चर्नी रोडला गाडी धरली की प्रभादेवीला उतरून चालत ड्यूटीवर जाता येईल. मागतायत ४० लाख. बदलापूरचा फ्लॅट विकून आणि यजमानांचा पीएफ काढून कसेबसे उभे राहतील.

भाडेपावती मात्र अजून विकणाऱ्यांच्या वडिलांच्या नावावर आहे. ते २०१७ साली वारले. एजंट म्हणतो, आधी आपण नोटरी करून टाकू, घरमालकाचं मागाहून बघता येईल. शनिवारी दोन लाख बयाणा द्यायचा आहे. देऊ का?

दादर_पूर्व:
बँका सहसा पागडीच्या खोलीवर गृहकर्ज देत नाहीत. रजिस्ट्रेशनचा आणि वकिलाचा खर्च धरून सगळी रक्कम हातात आहे का ते आधी बघा.

फणसवाडीकर:
ताई, शनिवारी एक रुपयाही देऊ नका.

मी जन्मापासून अशाच खोलीत राहतोय. यात तुम्ही खोली विकत घेत नाही, भाडेकरूचा हक्क घेता. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५६ नं पागडी घेणं-देणं कायदेशीर केलं, पण भाडेकरी हक्क तुमच्या नावावर व्हायला घरमालकाची संमती हवीच. त्यासाठी तो पैसे घेतो. कायद्यात प्रमाण दिलेलं नाही. आमच्याकडे साधारण एक तृतीयांश त्याचे असा रिवाज आहे. ४० लाखांत ते धरलेत की वेगळे, हे आत्ताच विचारा. संमतीशिवाय हस्तांतर झालं तर घरमालक त्याच कारणावर खोली रिकामी करून मागू शकतो आणि नोटरीचा कागद तिथं उपयोगी पडत नाही. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, कलम ५५.

आता वडिलांचं. भाडेकरू वारला की त्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क जातो. तेव्हा २०१७ साली त्या खोलीत खरोखर कोण राहत होतं? शेजारच्या बिऱ्हाडात विचारा, चाळीत हे सगळ्यांना माहीत असतं. रेशनकार्ड, लाइटबिल बघा.

आमच्या काकांची खोली आमच्याच मजल्यावर होती. ते डोंबिवलीला राहायला गेले आणि इथं कुलूप लावलं, गणपतीत तेवढं उघडायचे. भाडं एकदाही चुकलं नाही. वापर नाही म्हणून घरमालकानं लघुवाद न्यायालयात दावा लावला. सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने बंद ठेवलेली खोली त्याला परत मागता येते. काका साक्षीला आले तेव्हा पावत्यांचा गठ्ठा घेऊन आले होते, आजीनं चोळीच्या खणात बांधून ठेवलेला. सगळ्यात जुन्या पावतीवर भाडं होतं अकरा रुपये दोन आणे. वकिलांनी गठ्ठा उघडलासुद्धा नाही. म्हणाले, हे भाड्याचे पुरावे झाले, राहण्याचे दाखवा. ते नव्हते. खोली गेली. काकांनी कुलूप काढलं तेव्हा मी शेजारी उभा होतो.

म्हणून तुमच्या खोलीत सध्या कुणी राहतंय की कुलूप आहे, तेही लिहा.

लालबागचा_मुक्काम:
पुनर्विकासाचंही बघून ठेवा. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी असेल तर विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्र मिळतं. पण १३ जून १९९६ नंतर नव्यानं निर्माण केलेला भाडेकरू त्यात धरत नाहीत. जुना हक्क रीतसर बदलून आला तर चालतं, म्हणून मूळ भाडेकरूपासून तुमच्यापर्यंतची कागदांची साखळी तुटलेली नको. पोटमाळा किंवा गॅलरी अडवून पुढं केलेल्या खोल्या लोक विकतात, त्या घेऊ नका. आणि म्हाडा पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी काढते, त्यात ही चाळ आहे का पाहा. इमारत रिकामी केल्यावर तात्पुरतं राहायला देतात त्या संक्रमण शिबिरात गेलेली माणसं वर्षानुवर्षं तिथंच राहिलेली मी बघितली आहेत. लहान मुलगी आहे, म्हणून सांगते.

बदलापूरची_परिचारिका:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल ड्यूटीआधी परत जाऊन आले. खोलीला कुलूप नव्हतं. विकणाऱ्यांची मोठी बहीण तिथं राहते, लग्न केलेलं नाही. वडील अर्धांगानं तीन वर्षं अंथरुणावर होते, त्यांचं सगळं तिनंच केलं. विकणारे भाऊ तेव्हाही विरारला होते. मी नर्स आहे म्हटल्यावर तिनं वडिलांना पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलायची ते दाखवलं, कॉटवर उशी ठेवून. खोली विकायला काढलीय हे तिला माझ्याकडून कळलं.

एजंटला बयाणा देणार नाही म्हणून फोन केला आहे. तिला फणसवाडीकरांचा प्रतिसाद वाचून दाखवला आणि वडिलांच्या पावत्या, रेशनकार्ड, लाइटबिलं भावाच्या हाती देऊ नका म्हणून सांगितलं. तिच्या नावावर पावती करून घ्यायला आधी कुठं जायचं, कुणी सांगू शकेल का? रविवारी मला सुट्टी आहे, मी तिच्याबरोबर जाईन.