व्हर्च्युअल डिस्कची फाइल आतल्या माहितीपेक्षा कितीतरी मोठी राहते. ती लहान कशी करावी?

प्रश्न

नमस्कार. माझ्या विंडोज लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबुंटूची एक व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) आहे. तिची व्हीडीआय डिस्क (विंडोजवर एका फाइलीच्या रूपात राहणारी आभासी डिस्क) ‘डायनॅमिक’ प्रकारची असून कमाल मर्यादा ८० जीबी आहे. मध्यंतरी सरावासाठी मी तिच्यात मोठे डेटाबेस आणि डॉकर इमेज ठेवल्या होत्या. काम संपल्यावर त्या सर्व पुसल्या. आता उबुंटूमध्ये वापरलेली जागा दाखवणारी ‘डीएफ’ आज्ञा दिली की १९ जीबी जागा वापरात दिसते, मात्र विंडोजमध्ये त्या मशीनच्या फोल्डरचा आकार ६६ जीबी आहे. एक जुना स्नॅपशॉटही (मशीनची त्या वेळची जतन केलेली स्थिती) आहे. लॅपटॉपवरची जागा संपत आल्यामुळे ही फाइल लहान करणे आवश्यक झाले आहे. मशीन नव्याने न उभारता हे करता येईल का?

उत्तर १

करता येईल, परंतु त्याआधी ही जागा का अडकली आहे हे पाहणे इष्ट. डायनॅमिक डिस्क गरजेप्रमाणे वाढते, मात्र आपोआप कमी होत नाही. उबुंटूत फाइल पुसली जाते तेव्हा ईएक्सटी४ ही फाइलप्रणाली संबंधित ब्लॉक (डिस्कवरील जागेचे छोटे तुकडे) ‘मोकळे’ अशी नोंद करते. त्या ब्लॉकमधला जुना मजकूर जागच्या जागी राहतो, आणि तो आता निरुपयोगी आहे हे बाहेरून व्हर्च्युअलबॉक्सला कळण्याचा मार्ग नसतो.

म्हणून मोकळ्या ब्लॉकमध्ये आधी शून्ये लिहावी लागतात. त्यासाठी ‘झीरोफ्री’ हे साधन उत्तम आहे, कारण ते मोकळ्या ब्लॉकपैकी ज्यांत शून्याखेरीज काही शिल्लक आहे तेवढ्यांनाच हात लावते. ते चालवताना फाइलप्रणाली माउंट केलेली (वापरासाठी जोडलेली) नसावी किंवा केवळ वाचनासाठी माउंट केलेली असावी, त्यामुळे मशीन लाइव्ह आयएसओवरून (स्थापित न करता थेट चालणाऱ्या उबुंटूच्या प्रतिमेवरून) सुरू करणे सोयीचे पडते. ते झाल्यावर मशीन पूर्णपणे बंद करावी (‘सेव्ह्ड स्टेट’, म्हणजे चालू स्थिती जतन करून थांबवणे, चालणार नाही) आणि होस्टवरून, म्हणजे विंडोजमधून, व्हर्च्युअलबॉक्सच्या ‘व्हीबॉक्समॅनेज’ या साधनाची ‘मॉडिफायमीडियम’ आज्ञा ‘कॉम्पॅक्ट’ पर्यायासह द्यावी. व्हीडीआयमध्ये जागेचा हिशेब १ एमबीच्या तुकड्यांनी होतो. जो तुकडा संपूर्ण शून्यांचा असेल तेवढाच फाइलीतून वगळला जातो. म्हणून अंतिम आकार १९ जीबीपेक्षा थोडा अधिकच राहील.

उत्तर २

वरील उत्तर योग्य आहे, मात्र सुरुवात स्नॅपशॉटपासून करावी. स्नॅपशॉट घेतल्याच्या क्षणापासून मूळ डिस्क गोठवली जाते आणि पुढचे सर्व लेखन वेगळ्या फाइलीत होते, म्हणजे आपण आज पुसलेली माहिती मूळ डिस्कमध्ये अजूनही जशीच्या तशी असू शकते. तो स्नॅपशॉट नको असेल तर व्हर्च्युअलबॉक्समधूनच काढावा. फोल्डरमध्ये जाऊन त्याची फाइल हाताने कधीही पुसू नये. डिस्कची साखळी तुटते आणि मशीन सुरूच होत नाही. स्नॅपशॉट काढताना दोन्ही फाइली एकत्र केल्या जातात व त्यासाठी काही काळ अधिक जागा लागू शकते, हे लॅपटॉपवरील मोकळी जागा पाहून आधीच ठरवावे. आणि या सगळ्याच्या आधी संपूर्ण फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, ही कळकळीची विनंती.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. प्रत घेतली, स्नॅपशॉट काढला, झीरोफ्री चालवले आणि कॉम्पॅक्टची आज्ञाही दिली. कोणतीही त्रुटी दाखवली गेली नाही. परंतु फाइल लहान होण्याऐवजी ७७ जीबी झाली आहे. उबुंटू स्थापित करताना मी संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय निवडला होता. त्याचा याच्याशी संबंध असेल का?

उत्तर १

नक्कीच आहे, आणि हे मी आपल्याला आधी विचारायला हवे होते. उबुंटू संपूर्ण डिस्कसाठी वापरत असलेल्या एलयूकेएस एन्क्रिप्शनमध्ये फाइलप्रणालीने लिहिलेले शून्यही डिस्कवर पोहोचेपर्यंत गूढलिपीत बदलते. व्हर्च्युअलबॉक्सला शून्ये दिसतच नाहीत, म्हणून कॉम्पॅक्टला वगळण्याजोगे काही सापडत नाही. वाढ झाली तीही त्यामुळेच. डिस्कचा जो भाग कधी वापरलाच गेला नव्हता तो उलगडून वाचला की निरर्थक मजकूर दिसतो. झीरोफ्रीला तो पुसण्याजोगा वाटतो, ते तेथे शून्ये लिहिते, आणि त्या लेखनामुळे फाइलीत नवी जागा व्यापली जाते.

अशा वेळी शून्ये लिहिण्याऐवजी मोकळ्या जागेची सूचना सर्व थरांतून खाली पोहोचवावी लागते. मशीन बंद असताना ‘स्टोरेजअटॅच’ आज्ञेने ही डिस्क ‘डिस्कार्ड’ आणि ‘नॉनरोटेशनल’ हे दोन्ही पर्याय चालू ठेवून पुन्हा जोडावी. उबुंटूमधील ‘क्रिप्टटॅब’ (एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कच्या नोंदींची) फाइलीत त्या डिस्कच्या ओळीत ‘डिस्कार्ड’ हा शब्द आहे का ते पाहावे. नसेल तर तो घालून इनिटरॅमएफएस (उबुंटू सुरू होताना आधी वाचली जाणारी फाइल) अद्ययावत करावी व मशीन पुन्हा सुरू करावी. मधे एलव्हीएम (डिस्कचे विभाग सांभाळणारा थर) असले तरी ही सूचना त्यातून पुढे जाते. मग मोकळ्या जागेची ही सूचना (‘ट्रिम’) पाठवणारी ‘एफएसट्रिम’ आज्ञा सर्व फाइलप्रणालींवर चालवावी. येथे कॉम्पॅक्टची गरज नाही, ट्रिमची सूचना मिळताच व्हर्च्युअलबॉक्स स्वतःच फाइल आखडते घेते.

याची एक किंमत आहे. डिस्कची फाइल कोणाच्या हाती लागली, तर तिच्यात काय आहे हे कळणार नसले तरी कोणता भाग रिकामा आहे हे मात्र कळू शकेल. बहुतेकांना हे चालण्यासारखे असते. आपल्याला चालेल का, हे मशीनमधील माहितीचे स्वरूप पाहून आपणच ठरवावे.

प्रश्नकर्ता

मशीनमध्ये केवळ सरावाचे काम असल्यामुळे मला ते चालण्यासारखे आहे. क्रिप्टटॅबमध्ये ‘डिस्कार्ड’ आधीपासूनच होते, अडथळा केवळ डिस्क जोडण्याच्या पर्यायांचा होता. एफएसट्रिम चालवल्यानंतर फाइल २३ जीबीवर आली आहे आणि मशीन व्यवस्थित सुरू होत आहे. बाहेरची प्रत आणखी काही दिवस ठेवून मग काढून टाकीन.